हावगेप्पिया आणि गौरम्मिया

१४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.१०

आजपासून रोज लिहायचं. शास्त्रीय नोंदवही वेगळी, ही वेगळी. त्या वहीत मतं लिहिता येत नाहीत आणि माझ्याकडे सध्या मतंच जास्त आहेत.

वस्तुस्थिती. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन ३१ मार्चला संपतं. दोनदा वाढवून झालंय. त्याआधी कलबुर्गीला विभागात सेमिनार द्यायचा, कमिटीनं मान हलवली की प्रबंध जमा करायचा. नाही हलवली तर विषय बदलून मिळतो आणि वर्षभर मुदत. पण विषय बदलणाऱ्यांबद्दल विभागात काय बोललं जातं ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते बोलणारी मीच.

विषय: तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या. माशी अळीच्या अंगावर अंडं घालते. अंड्यातला किडा अळीत शिरतो, तिला आतून खातो, बाहेर येऊन कोष करतो, कोषातून नवी माशी. शेतकऱ्याचं भलं करणारी माशी आहे. तिचं भलं मात्र कुणी केलेलं नाही. शंभर वर्षांत चार जणांनी तिच्या वर्गीकरणाला हात लावला. पहिल्यानं मोजलं नाही. दुसऱ्यानं पहिल्याचं वाचलं नाही. तिसऱ्यानं दोघांचं उतरवून काढलं. चौथे आमचे गाईड प्रभुलिंग सर.

माझ्याकडे ४१२ माश्या आहेत. सगळ्या टाचणीवर, एकीचाही पाय मोडलेला नाही. त्यांचे सरळ दोन ढीग पडतात. पहिल्या ढिगातल्या माशीचं कपाळ रुंद, डोळ्यांच्या कडेला पुढे वाकलेले दोन-दोन राठ केस. दुसऱ्या ढिगात कपाळ अरुंद, ते केस नाहीत, पायाची नखं लांब. इतका फरक असून आजवर दोघींना एकाच नावाखाली कोंबलंय. आंधळ्यालासुद्धा दिसावं.

मी दोन नवे जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे दोन नवे गट, करणार. एक नव्हे, दोन.

निश्चय: रोज शंभर माश्यांचे केस मोजायचे. २८ फेब्रुवारीला प्रबंध पूर्ण.

१५ नोव्हेंबर

मोजल्या: ९. ढग होते. मायक्रोस्कोपला उजेड लागतो.

१६ नोव्हेंबर

मोजल्या: ४. उजेड होता, पण फार होता.

१९ नोव्हेंबर, दुपारी

माझी पहिली शाळा म्हणजे माझे वडील, अप्पा. शाळेत घालायच्या आधी दोन वर्षं त्यांनी मला दुकानाच्या ओट्यावर बसवून तूर निवडायला लावली. पांढरी, लाल, काळी, किडकी. एक दाणा चुकीच्या ढिगात दिसला की ते सगळे ढीग हातानं एक करायचे आणि म्हणायचे, परत. रडलं तरी परत. आमच्या विभागातल्या चैत्रासारख्या मुलींना पहिलीत गेल्यावर मोजायला शिकवलं, म्हणून त्यांची नजर तशी.

आज अप्पांना म्हटलं, हे सगळं तुमच्यामुळं. अप्पा म्हणाले, मी तूर निवडायला शिकवलो बाई, माश्या निवडायला न्हाई.

आईनं, म्हणजे अव्वानं, विचारलं, जीनस म्हंजे काय गं. तिला समजावं म्हणून म्हटलं, जात समज. मोठी चूक. अव्वानं सूप खाली ठेवलं. म्हणाली, जात इच्यारू नये मनून आपल्या घरी जन्मल्या लेकराच्या गळ्यात लिंग बांधत्यात, आन तू माश्यांच्या जाती काढायलीस? त्यांनी तुझं काय केलं गं?

शास्त्र घरात बोलायचं नाही. निश्चय क्रमांक दोन.

२२ नोव्हेंबर

गावाबाहेर रामकिशन काकांच्या तुरीत गेले. सहा वर्षं त्यांच्याच शेतातून अळ्या आणते. काका म्हणाले, दानक्का, न्यायलाव तर समद्या न्या की. निम्म्या कामून ठिवायलाव? मी सांगितलं, काही अळ्यांच्या पोटात माझ्या माश्या वाढत असतात, त्या मारायच्या नाहीत, फवारणी थांबवा. काका म्हणाले, कंची अळी आतून खाल्ल्याली हाय ते वरून कळतंय व्हय? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग फोडून बघा. मी म्हटलं, फोडली तर नमुना जातो. काकांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. मग म्हणाले, तुमी इतकं शिकलाव, तुमाला म्या काय सांगावं.

बरोबर बोलले.

अळ्या आणल्या: ७०. वाटेत एकमेकींनी खाल्ल्या: १८. डबा लहान पडला, दोष डब्याचा.

२ डिसेंबर, कलबुर्गी

सकाळची बस. पोहोचले तेव्हा प्रभुलिंग सर चहा पीत होते. दोन्ही ढिगांची चित्रं दाखवली. सरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं: शेपूट उघडा.

याचा अर्थ असा. माशी नर की मादी हे खात्रीनं ठरवायचं तर तिच्या पोटाचं टोक कापतात, कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळतात आणि मायक्रोस्कोपखाली उघडून बघतात. माशी त्यात मोडते. सर तीन वर्षं हेच सांगतायत. मी तीन वर्षं हेच सांगतेय की एक नमुना मोडणं म्हणजे एक साक्षीदार मारणं. आणि गरज काय? मोठी ती मादी, लहान तो नर. माझ्या दोन्ही ढिगांत मोठ्याही आहेत आणि लहानही. म्हणजे दोन्हींत नर-मादी आहेतच. प्रश्न मिटला.

कोपऱ्यातून चैत्रा म्हणाली, अक्का, अळीत खायला कमी मिळालं तरी माशी लहान होते हं.

चैत्रा दोन वर्षांनी मागून आली. सात जीनस घेऊन बसली होती, तीन करून उठली, आणि तिचा प्रबंध गेल्या वर्षीच जमा झाला. ज्याला तोडता येत नाही तो जोडतो. खिचडी करायला डिग्री कशाला लागते?

सर म्हणाले, एकच शेत, एकच अळी, एकच हंगाम, आणि दोन नवे जीनस? मी म्हटलं, सर, आधीच्या लोकांनी मोजलं नाही. सरांनी विचारलं, तुम्ही किती मोजल्यात? मी म्हटलं, काम चालू आहे.

९ डिसेंबर

नावं ठरवली. स्वतःचं नाव देणं असभ्य समजतात. देता येतच नाही असं नियमात कुठं लिहिलेलं नाही, ते पाहून ठेवलं. पण मी तशी नाही.

रुंद कपाळ आणि राठ केसवाली: हावगेप्पिया. अप्पांच्या नावावरून. कपाळ तसंच आहे, भुवया तर डिट्टो. अरुंद कपाळाची, लांब नखांची: गौरम्मिया. अव्वाच्या नावावरून.

अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. पेपरात येतंय काय, म्हणाले. मी म्हटलं, जगभर जातं. अप्पांनी दुपारीच दुकानात चार जणांना सांगितलं, त्यातला एक रामकिशन काका.

अव्वा म्हणाली, दुसऱ्याच्या पोटात शिरून खानाऱ्या किड्याला माझं नाव? इतके दीस खाऊ घातले त्याचं हे बक्षीस व्हय?

तिला दोन दिवसांत पटेल.

११ डिसेंबर

पटलं नाही.

१९ डिसेंबर, सकाळी

कोषांतून जिवंत माश्या निघायला लागल्या. आता खरी शिस्त. माशी निघाली की पंधरा मिनिटांत कपाळ बघायचं आणि आपापल्या बरणीत टाकायचं. हावगेप्पियाच्या बरण्यांना लाल दोरा, गौरम्मियाच्या बरण्यांना हिरवा. लाल कपाटाच्या वरच्या फळीवर, हिरव्या खिडकीत. साखरपाण्याचे कापसाचे बोळे वेगळे, चमचे वेगळे. गेल्या सहा वर्षांत माझ्याकडे या दोन जिनसांच्या माश्या एका बरणीत एक क्षणही राहिलेल्या नाहीत. इतकी स्वच्छ पद्धत राज्यात कुणाची नसेल.

घरच्यांसाठी नियम लिहून भिंतीला चिकटवले. अव्वानं वाचले. म्हणाली, पानी बी येगळं? चमचा बी येगळा? आगं, हे मोडायला आपल्यात माणसं मेली, आन तू माझ्या सैपाकघरात परत सुरू करायलीस.

अप्पा हसले. मी हसले नाही. संसर्ग हा विनोदाचा विषय नाही.

२५ डिसेंबर

मोजणी: एकूण १४०. उरल्या २७२. रोज शंभरचा निश्चय सुधारून रोज पाच केला. छोटं उद्दिष्ट ठेवलं की माणूस ते ओलांडतो.

२६ डिसेंबर

मोजल्या: ३.

३० डिसेंबर, संध्याकाळी ५

आज येळवस, शेतात जेवायची वेळा अमावस्या. गावात चिटपाखरू नाही, सगळे शेतात. आम्हीही कडब्याच्या खोपीपुढं बसलो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. अव्वाची शेंगाची चटणी या वेळी खरंच चांगली झाली होती. दुसरा उंडा संपत आला तेव्हा चटणीच्या बरणीच्या गळ्यात मला हिरवा दोरा दिसला.

विचारलं. अव्वा म्हणाली, धुऊन घेतली की, तीनदा. मी म्हटलं, त्यातल्या माश्या? ती म्हणाली, त्या दुसऱ्या बरणीत घातले. लाल दोऱ्याच्या. निम्मी रिकामीच होती ती, येवढ्या जागेत चार माश्या बसून काय करायल्या?

मी म्हटलं, अव्वा, ते दोन वेगळे जीनस आहेत! शेजारच्या खोपीतल्या बायकांनी वळून बघितलं. अव्वानं त्यांना सांगितलं, काही न्हाई, लेकीच्या माश्या हायत. आन ही ताटातली भज्जी तशीच ठिवून उठायली, सणाच्या दिशी.

परत येऊन बघितलं. बरणी क्रमांक ११. चौदा हावगेप्पिया, नऊ गौरम्मिया, एकत्र. सगळं दूषित. फेकून देणार.

३१ डिसेंबर, सकाळी ८.२०

फेकून दिली नाही, कारण फेकण्याआधी नोंद करावी म्हणून पाहिलं. बरणीत सहा जोड्या. एकमेकांना चिकटलेल्या. प्रत्येक जोडीत एक हावगेप्पिया आणि एक गौरम्मिया. अपवाद नाही.

पाण्याचा ग्लास हातात होता, तो कुठं ठेवला आठवत नाही.

८.५०. ग्लास मायक्रोस्कोपवर ठेवला होता. पुसलं.

१ जानेवारी २०२५

रात्रभर विचार केला, सकाळी निष्कर्ष निघाला. हा संकर आहे. दोन वेगवेगळ्या जिनसांच्या माश्या आपखुशीनं जवळ आल्या, असं कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणजे मी फक्त दोन जीनस शोधलेले नाहीत. त्यांचा आंतरजिनसीय संकरही शोधलाय. चटणीच्या बरणीमुळं! मोठे शोध असेच लागतात. अर्थात पाहणारा तयार असावा लागतो.

अव्वा चहा घेऊन आली, बरणीत डोकावली. आगं, ती नवरा-बायको हायत, म्हणाली. मी म्हटलं, जीनस वेगळे आहेत त्यांचे. अव्वा म्हणाली, येगळ्या जातीत जीव लावायला ती काय माणसं हायत?

अव्वानं आयुष्यात एकही माशी मायक्रोस्कोपखाली पाहिलेली नाही. मत देण्याआधी निदान तेवढं करावं.

४ जानेवारी

बरणी ११ मध्ये अळ्या सोडल्या. माश्यांनी त्यांच्यावर अंडी घातली. अंडी घालणाऱ्या सगळ्या हावगेप्पिया. गौरम्मिया नुसत्या बसून. गौरम्मिया स्वभावानं आळशी असावी. वर्णनात घालायचं की नाही, ठरवलेलं नाही. अव्वाला वाईट वाटेल.

१८ जानेवारी

मोजणी थांबवली. संकर पूर्ण होईपर्यंत मोजणीला अर्थ नाही. २८ फेब्रुवारी कायम.

२७ जानेवारी, दुपारी २

संकराची पहिली पिढी कोषांतून निघाली. साठ माश्या. एकतीस जणींच्या कपाळावर राठ केस, एकोणतीस जणींच्या नाहीत. मधलं एकही नाही.

दोन तास बसून विचार केला. शेवटी अर्थ लागला. संकर करूनसुद्धा दोन्ही जीनस एकमेकांत मिसळले नाहीत. पुढच्याच पिढीत परत वेगळे झाले, तेही जवळजवळ समसमान. दोन जीनस इतके पक्के असल्याचा पुरावा आजवर कुणी दिला नसेल.

सरांना फोन केला. सरांनी विचारलं, निम्मे-निम्मे? मी म्हटलं, हो. सरांनी विचारलं, निम्मे-निम्मे म्हटल्यावर तुम्हाला दुसरं काही आठवत नाही? मी माझा सिद्धान्त सांगितला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आमच्याकडे रेंजचा त्रास आहे.

५ फेब्रुवारी

संकरासाठी तिसरा जीनस करावा का? नाव सुचलं, गौरहावगेप्पिया. उच्चारायला जड आहे, पण वाचणारे कुठं उच्चारून वाचतात?

७ फेब्रुवारी

तिसऱ्या जिनसाचा मोह आवरला. शास्त्रात संयम लागतो. चैत्रामध्ये तो नाही, ती सापडेल ते एक करते.

१६ फेब्रुवारी

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिलं: आधीच्या चार जणांच्या चुका. चौसष्ट पानं झाली. बाकीची पाच प्रकरणं लहान आहेत.

२८ फेब्रुवारी

आज प्रबंध पूर्ण व्हायचा होता. पहिलं प्रकरण एक्याऐंशी पानं. पण सेमिनारची तारीख आली, १० मार्च. सेमिनार झाला की उरलेलं आपोआप होतं.

अप्पा येतो म्हणतायत. मी म्हटलं, घरच्यांना बसू देत नाहीत. अप्पा म्हणाले, आमचं नाव लावायलीस आन आमालाच बसू देत न्हाईत? तरी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१० मार्च, कलबुर्गी, दुपारी ४

सेमिनार चांगला झाला. आवाज स्पष्ट होता. स्लाइड सगळ्या उघडल्या.

१० मार्च, संध्याकाळी ६, बसस्टँड

बस यायला वेळ आहे, म्हणून सविस्तर.

कमिटीत सर आणि बाहेरून आलेले डॉ. सिद्धराम. पांढरे केस, हातात छत्री, उन्हाळ्यात. मी चाळीस मिनिटं बोलले. संकराच्या स्लाइडवर आले तेव्हा हॉलमध्ये अशी शांतता पसरली की मला वाटलं, आता टाळ्या.

चैत्रानं हात वर केला. फक्त विचारलं, अक्का, हावगेप्पियाचा नर दाखवता? मी लहान हावगेप्पिया दाखवली. तिनं विचारलं, उघडून बघितलाय? मी नमुन्याच्या पावित्र्याबद्दल बोलले. डॉ. सिद्धराम म्हणाले, बाई, पावित्र्य राहू द्या, पोटॅश आहे का इथं?

पोटॅश होतं. सरांनी चिमटा माझ्या हातात दिला. मी पेटीतून तीच लहान हावगेप्पिया, क्रमांक १७, उचलली आणि धरून उभी राहिले. चैत्रानं माझ्या हातातून टाचणी काढून घेतली, हळूच, हे मान्य करायला हवं. अर्ध्या तासात तिनं दहा माश्या मोडल्या. पाच केसवाल्या, पाच बिनकेसाच्या, लहान-मोठ्या मिसळून. मी प्रत्येकीचा क्रमांक लिहून घेतला, अक्षर नीट आलं.

केसवाल्या पाचही मादी. बिनकेसाचे पाचही नर. क्रमांक १७ च्या पोटात अंडी होती.

एकच माशी. नवरा आणि बायको.

डॉ. सिद्धराम भिंगातून अंडी बघत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, हावगेप्पा कोण? मी म्हटलं, वडील. ते म्हणाले, आणि गौरम्मा? मी म्हटलं, आई. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. खांदे हलत होते. सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचेही हलत होते.

बस लागली.

११ मार्च

दहा नमुने म्हणजे ४१२ पैकी अडीच टक्केही नाहीत. एवढ्यावर निष्कर्ष काढणं उतावीळपणाचं आहे. उरलेल्या ४०२ मध्ये काय आहे हे कमिटीला माहीत नाही.

१२ मार्च, सकाळी

स्वयंपाकघरातल्या गॅसवर पोटॅश ठेवलं. जुन्या पातेल्यात, अव्वाला विचारून. वीस माश्या स्वतः मोडल्या. पहिली मोडताना डोळे मिटले होते, म्हणून ती वाया गेली. उरलेल्या एकोणीसांतही तेच, केसवाल्या मादी, बिनकेसाचे नर.

अव्वा शेजारी कांदा चिरत होती. मीच म्हटलं, नवरा-बायको आहेत. अव्वा म्हणाली, व्हय. एवढंच. आणखी काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च

अप्पांना सांगावं लागलं, कारण दुकानात लोक विचारायला लागले की नाव कधी छापून येणार. सांगितलं, दोन्ही एकच निघाल्या, नवी नावं लागणार नाहीत. अप्पा म्हणाले, बरं. मग त्यांनी विचारलं, त्यातला मी कंचा? मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, मादी. अंडी घालणारी.

अप्पांनी पानाचा डबा उघडला. मग अव्वाला हाक मारून म्हणाले, ऐकलीस काय गौरे, मी अंडी घालायलोय. अव्वा भिंतीला टेकून खालीच बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. तिला मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ठसका लागला तिला, पाणी द्यावं लागलं. आन मी, ती म्हणाली, मी नुस्ती बसून, नखं वाढवून!

या घरात कुणाला कशाचं गांभीर्य नाही.

१५ मार्च

पहिल्या संशोधकाचा मूळ लेख परत काढला. त्यानंही शेपूट उघडलं नसणार, हे दाखवून दिलं की माझी चूक परंपरेतली ठरते. त्यानं उघडलंय. नराचं चित्र, मादीचं चित्र, शेजारी-शेजारी, केसांसकट. पान ४१. माझ्या प्रतीवर पान ४० पर्यंत पेन्सिलच्या खुणा आहेत.

१७ मार्च

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आधीच्या चार जणांच्या चुका आहेत. एक्याऐंशी पानं. चाळून बघितली. तीन चुका खऱ्या आहेत. त्यातल्या दोन स्पेलिंगच्या.

१९ मार्च

सरांचा फोन. कमिटीनं मान हलवली नाही. पण विषय बदलून वर्ष मिळतंय. नवा विषय: याच एका माशीचा जीवनक्रम, या तालुक्यात. सर म्हणाले, बरणी अकराची नोंद ठेवलीत ना? जोड्या कधी, अंडी किती, माश्या किती? मी म्हटलं, मिनिटासकट. सर म्हणाले, या माशीचं एवढं नीट कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. मग म्हणाले, फक्त तुमचा अर्थ सोडून.

हे कौतुक होतं की नाही, ठरवता आलं नाही. दोनदा आठवून बघितलं.

२४ मार्च, कलबुर्गी

विषय बदलाचा फॉर्म भरला. वरचा भाग सोपा. नाव दानेश्वरी, वडिलांचं नाव हावगेप्पा, जुना विषय, नवा विषय. शेवटचा रकाना: बदलाचं कारण, एका ओळीत.

पहिल्यांदा लिहिलं: नव्या पुराव्यांच्या प्रकाशात विषयाची व्याप्ती पुन्हा ठरवणे. सर म्हणाले, हे एका ओळीत बसत नाही. दुसऱ्यांदा: नमुन्यांच्या मर्यादेमुळे. सर म्हणाले, ४१२ नमुन्यांची कसली मर्यादा? तिसऱ्यांदा, इंग्रजीत: नर आणि मादी हे दोन जीनस समजले गेले.

सरांनी विचारलं, कुणाकडून?

मी म्हटलं, सर, वैज्ञानिक लिखाणात कर्ता लिहीत नाहीत. सरांनी माझ्याच पेननं पुढे तीन शब्द वाढवले. बाय द कँडिडेट. फॉर्म माझ्याकडे सरकवला.

सही केली. तारीख घातली. खाली ऑफिसात नेऊन दिला. क्लार्क म्हणाला, हे दोन प्रतींत लागतंय, झेरॉक्स चालत नाही, हातानं लिहून आणा.

बाकावर बसून दुसरी प्रत लिहिली. पूर्ण ओळ लिहिली, शेवटचे तीन शब्द गाळले नाहीत.